मटाराची राखण

८ जुलै
पोचले एकदाची पामर गावाला! नेब्रास्काहून निघताना आई म्हणाली होती, अलास्कात तुला अस्वलं खातील. इथं तर शेताच्या मालकीण लॉर्नाबाईच मला खायला घालून मारणार असं दिसतंय. आल्या आल्या सामन माशाचं सूप, वर ओंजळभर कच्चे मटार. शेताच्या कडेला माझी लाकडी खोली. काम सोपं: मटाराची राखण. क्रौंच पक्षी उतरले की चारचाकी फटफटीवरून जायचं, डबा बडवायचा, हाकलायचे. लॉर्नाबाईंचे यजमान ओस्कर यांनी कारणही सांगितलं. या पक्ष्यांच्या विष्ठेत जंतू असतात, आणि लोक मटाराची शेंग फोडून तिथंच तोंडात टाकतात. धुवायला कोण थांबतंय!

१५ जुलै
आज क्रौंच आले. राखाडी अंग, कपाळावर लाल टिकली, जोडीला पिल्लू. आमच्याकडे यांना बघायला लोक थंडीत कुडकुडत लपून बसतात. मी आजोबांच्या खांद्यावरून बघितलेत. डबा हातात घेतला आणि ठेवून दिला. ते नाचत होते. पाच मिनिटांनी हाकलू म्हटलं, तर ते पोट भरून उडून गेले तरी मी बसलेलीच. जेवताना ओस्करनी विचारलं, काही उतरलं का? नाही म्हटलं. खूश झाले, पोरगी कामाची निघाली म्हणाले.

२८ जुलै
रोज येतात. आता मला बुजत नाहीत, सरींमधून खुशाल हिंडतात. लॉर्नाबाई तोडता तोडता शेंगा खातात, मलाही भरवतात. म्हणतात, एवढी हडकुळी पोर परत पाठवली तर तुझी आई मला शिव्या घालेल. शेंगेवर पांढरे शिंतोडे होते. मी माझी शेंग हळूच पुसून घेतली. त्यांना काही बोलले नाही. नालायक आहे मी.

४ ऑगस्ट
लॉर्नाबाईंना ताप, रक्ताचे जुलाब. ओस्कर म्हणाले, कोंबडी कच्ची राहिली असेल. मीही म्हटलं, हो, कोंबडीच. माझंही पोट बिघडलंय, ते मात्र लपवलं.

१७ ऑगस्ट
लॉर्नाबाई बऱ्या झाल्या होत्या. काल खुर्चीत बसल्या त्या उठल्याच नाहीत. पाय लुळे. अँकरेजच्या इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणतात, जुलाबाच्या जंतूंपायी कधीकधी शरीर आपल्याच नसांवर उलटतं. पायांतून वर चढतं, श्वासापर्यंत. आरोग्य खात्याची बाई आली होती. शेतात पक्षी येतात का, विचारलं. ओस्करनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, ही आहे ना, एक पाखरू टेकू देत नाही. शरमेनं मेल्यासारखं झालं. तरी मी मान डोलावली.

२१ ऑगस्ट
शनिवारी मटार जत्रेला जाणार. लहान मुलं तिथंच शेंगा फोडून खाणार. सांगायचं ठरवून ओस्करांकडे गेले. त्यांनी कॉफी पुढं केली, म्हणाले, लॉर्ना तुझीच चौकशी करत होती. कॉफी पिऊन परत आले.
आज पहिल्यांदा डबा बडवला. क्रौंच हलले नाहीत. उलट माझ्याकडेच चालत आले—

२२ ऑगस्ट
पायाच्या बोटांना मुंग्या. चप्पल निसटली, कळलंच नाही.
क्रौंच खिडकीशी उभे. करकर, करकर. दिवसाउजेडी.

२३ ऑगस्ट, शनिवार
पाय आहेत, पण माझे नाहीत. जमिनीवर पडून लिहितेय. फोनला रेंज नाही. ओरडते, पण बाहेर फक्त करकर—
ओस्कर ट्रक भरतायत. इथूनच जातील. ‘मटार नेऊ नका’ एवढं लिहून हे पान फाडून दाराखालून सरकवलं तर दिसेल. हात अजून चालतोय. लिही, मार्लिस.

ओस्कर, आधी एक सांगते, मला तुमचं वाईट करायचं नव्हतं. तुम्ही दोघांनी किती मायेनं— आणि ते नाचायला लागले ना, की कोणाचंही मन—