जोडीचं बटण

रविवार, १२ जानेवारी

पुन्हा कट! जर्मनीहून विघ्नेश बोलतोय, स्थळ इतकं सोन्यासारखं, आणि आमची तेजू आपली "हॅलो? हॅलो? आवाज येत नाहीये" — की संपलंच. दर रविवारी हेच! त्याची आई आगाशीहून फोन करून म्हणते, "मुलांचं एकदा नीट बोलणं होऊ दे ना वहिनी, मग पुढचं ठरवू." होणार कसं नीट? राउटर खाली हॉलमध्ये, तेजूची खोली वर मागच्या अंगाला, आणि मध्ये ह्यांनी हौसेनं घातलेला जाडजूड स्लॅब. हे म्हणाले, "मग खाली बसून बोल की." तेजू म्हणाली, "तुमच्या सगळ्यांसमोर?" तेही खरंच.

पण मी काही गप्प बसणारी नाही. नेटवाचून मुलीचं लग्न अडतं म्हणजे काय!

मंगळवार, १४ जानेवारी

लाडू वळता वळता शोध लागला! शेजारची लुईझा तिळगुळाला आली होती. माझं रडगाणं ऐकून म्हणाली, "अगो, लाइटच्या वायरीतून ने ना नेट! आमच्या रायननी तसंच नेलंय. दोन डब्या असतात. एक खाली प्लगात लावायची, एक वर. भिंत फोडायला नको, काय नको."

करंटच्या वायरीतून नेट! ह्यांना सांगितलं तर म्हणे, "उद्या नळातून पण आणशील." आणीन! लगेच मागवल्या. बटण मीच दाबलं, मोबाइलवर. तेजूला विचारायला गेले तर ती अंघोळीला गेली होती.

शुक्रवार, १७ जानेवारी

आल्या आल्या आल्या!

साबणाच्या वडीएवढ्या आहेत. गोंडस. दोघींवर एकेक बटण आणि त्यावर लिहिलंय "पेअर". म्हणजे जोडी! मी म्हटलं, शुभशकुन! खालच्या डबीचं बटण दाबायचं आणि लगेच वर जाऊन दुसरीचं दाबायचं, म्हणजे दोघींची ओळख पटते. धावले. गुडघे बिडघे विसरून धावले. वर लाल दिवा. पुन्हा खाली, पुन्हा वर. लाल! हे जिन्यात आडवे आले, "अगं बाई, पडशील, मग लग्नात वॉकर घेऊन फिरशील!"

मग व्हिडिओ बघितला. त्यातला मुलगा सांगतो, एक्स्टेन्शन बोर्डात लावू नका, थेट भिंतीतल्या प्लगात लावा. आणि मी शहाणी, दोन्हीकडे बोर्डात! काढल्या, भिंतीत लावल्या, बटणं दाबली, आणि हिरवा! हिरवागार! जिन्यातून ओरडले, "जुळलं हो, जुळलं!" तिकडून लुईझा खिडकीतून, "कोनाचं, तेजूचं?"

"नाही गं, डब्यांचं!"

इतकं हसलो. तेजू दारात उभी होती. "छान, आई," म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

रविवार, १९ जानेवारी

पाच मिनिटं मस्त चाललं. मग कट.

कारण सापडलं — मीच! खाली दाण्याचं कूट करत होते. मिक्सर लावला की वायरीत खरखर होते आणि नेटची वाट लागते. मीच माझ्या लेकीच्या आड आले! थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

सोमवार, २० जानेवारी

आज अख्ख्या घराची परीक्षा घेतली. हे वर मोबाइलवर स्पीड बघत, मी खाली एकेक लावत.

"मिक्सर!"
"पडला!"
"पाण्याचा पंप!"
"मेला!"
"फ्रिज!"
"जरासा पडला!"
"पंखा!"
"कुठला पंखा? जोरात सांग!"

हे गोखिवऱ्याचा गाळा उघडायचंच विसरले. कामगार बाहेर ताटकळत, आणि मालक वर पोरासारखे नाचतायत. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं असे कधी खिदळलो होतो, आठवत नाही.

शनिवार, २५ जानेवारी

हळदीकुंकू झालं. प्रत्येकीला वाण देऊन झालं की डबी दाखवत होते. बायका वाण विसरल्या, डबीच बघत बसल्या! विघ्नेशची आई पण आली होती. तो मार्चमध्ये येतोय म्हणे, दोघं हो म्हणाली तर साखरपुडा उरकून टाकू. त्यांना सांगितलं, "उद्या कट होणार नाही. माझी गॅरंटी."

तेजूने सगळ्यांना अत्तर लावलं. हिरव्या साडीत काय दिसत होती! दृष्ट काढली.

रविवार, २६ जानेवारी

सगळं बंद ठेवलं होतं. मिक्सर, पंप, फ्रिजसुद्धा. हे टीव्हीशिवाय पुतळ्यासारखे बसले होते. मी श्वाससुद्धा हळू घेत होते, जणू त्यानंही नेट जाईल.

तरी कट!

आता मात्र रडूच आलं. तेजूने पाठीवरून हात फिरवला. "जाऊ दे ना आई," म्हणाली. जाऊ दे कसं? काय जाऊ दे?

सोमवार, २७ जानेवारी

वायरमन एरॉल येऊन सगळे प्लग तपासून गेला. "आंटी, लाइन एकदम मस्त आहे. प्रॉब्लेम इथे नाय." म्हणजे जर्मनीचंच नेट भिकार! एवढा मोठा देश, आणि कुणाकडे डब्या नाहीत? विघ्नेशला दोन पाठवूनच देते. ह्यांनी कपाळावर हात मारला.

रविवार, २ फेब्रुवारी

चहा घेऊन वर गेले. दार लोटलेलं. आतून विघ्नेशचा आवाज — अगदी खणखणीत, समोर बसल्यासारखा: "मला तुझा नीट येतोय, तेजस्वी. तुला येत नाहीये का?" आणि तेजू: "हॅलो? हॅलो?" मग तिने हात लांब करून डबीच्या प्लगाचं बटण बंद केलं.

मागे वळली तर मी.

"आई, मला नाही करायचं त्याच्याशी. सांगणार होते. पण तू इतकी खूश होतीस."

चहा निवला. दोघी तिथेच खाली बसून राहिलो. मग मी आगाशीला विघ्नेशच्या आईला फोन लावला.

"ताई, आमचं नाही जमत."

"नेटचं ना?" त्या म्हणाल्या.

"नाही. नेट छान आहे."