काकूचा रिपोर्ट

८ सप्टेंबर
शुक्रवारी आई आणि काकूची रक्ततपासणी झाली, वाशिमच्या लॅबमध्ये. आज आईच्या मोबाईलवर लिंक आली. आईचं सगळं ठीक. लिंकच्या शेवटी एक नंबर. सायबर सुरक्षेच्या कोर्समध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवलेली गोष्ट: असा नंबर दिसला की एकाने वाढवून बघायचा, दुसऱ्याचं पान उघडतं का. वाढवला. उघडलं. पासवर्ड नाही, ओटीपी नाही. आईच्या मागे रांगेत काकूच होती, म्हणजे तिचाच रिपोर्ट निघणार हे माहीत होतं. घरचंच आहे, चालेल, असं वाटलं.
नाव दिसलं तेव्हाच बंद करायला हवं होतं. शेवटपर्यंत वाचलं. किडनीच्या ओळी सगळ्या जाड अक्षरात. खाली शेरा, तातडीने तज्ज्ञांना दाखवा.
दुपारी आईने काकूला विचारलं, तुझा आला का गं. काकू म्हणाली, "आला ना. काई नाई, रक्त कमी हाय म्हने. बीट खा म्हनतात." आणि भाकरी उलटली.

९ सप्टेंबर
कोर्सच्या सरांचं वाक्य वहीत दोनदा लिहिलंय: मालकाची परवानगी नसेल तर ती तपासणी नाही, घुसखोरी आहे. मी लॅबला विचारलं नाही. काकूला विचारायचं असतं हे तर सुचलंच नाही. आमच्याकडे कोणी कोणाचा डबा उघडताना विचारत नाही.
दम्यामुळे मी दुसरीपर्यंत शाळेत गेले नाही. काकूने घरीच शिकवलं. आधी बियाण्याच्या पिशव्यांवरची अक्षरं, मग गणित. पुस्तकामागची उत्तरांची पानं फाडून स्वतःजवळ ठेवायची. एकदा मी ती चोरून पाहिली आणि लगेच जाऊन सांगितलं. तेव्हा हसली होती.
आज तिच्यासमोर दोनदा गेले. एकदा मेथी निवडली, एकदा नुसतीच परत आले.

११ सप्टें.
लॅबला मेल लिहिला. चार वेळा खोडला. दोष काय, कसा सापडला, कसा बंद करता येईल. शेवटी: "मी काय काय उघडलं". हे लिहावंच लागतं, नाहीतर त्यांनी माझ्यावर विश्वास का ठेवावा. काकूचं नाव नाही लिहिलं, रिपोर्टचा नंबर लिहिला. खरं लिहिल्याचं समाधान अर्धा तास टिकलं.
काका ओसरीवरून, "काय मॅडम, आज कोनाची बँक फोडून राह्यल्या?" मी हसले. नेहमी हसते.

१३ सप्टें.
उत्तर नाही, म्हणून फोन केला. लॅबचे मालक स्वतः बोलले.
"दुसऱ्याचा रिपोर्ट कायले उघडला तुमी?"
माझी काकू आहे, म्हटलं.
"काकूनं सांगतलं होतं काय, उघड म्हनून?"
मेलमध्ये सगळं लिहिलंय, म्हटलं.
"मंग? पोलिसात देऊ काय हे?"
दोष अजून तसाच आहे असं सांगायचा प्रयत्न केला. फोन ठेवला त्यांनी. आवाज चढवला त्याचं काही नाही, प्रश्न बरोबर होता. एकोणीसला पुण्याच्या कंपनीची मुलाखत. पोलिसात नाव गेलं तर या कामात कोण उभं करेल. दोन वर्षं याच्याचसाठी शिकले...

१५ सप्टें.
काकू गच्चीवर आली. मी वाळत घातलेले मूग उलटत होते. शेजारी बसली, खडे वेचायला लागली.
"लॅबवाल्याचा फोन आलता. तुमच्या पुतनीनं इचारलं होतं काय म्हने. मी म्हटलं हो, मीच सांगतलं तिले उघडाले. निपटलं ते."
मी रडायला लागले. ती खडे वेचत राहिली.
"काकू, नागपूरले दाखवावं लागंल. लवकर."
"मालूम हाय, लॅबवाल्यानं तवाच सांगतलं. पन माही माय नागपूरले गेली ते आलीच नाई. मले नाई जाचं."
"पन काकाले तरी—"
"मी तुही लाज राखली ना? आता तू माही राख."
मूग भरून खाली गेली. मी हो म्हटलं की नाही, आठवत नाही. तिने धरून चाललंय की हो म्हटलं.

१९ सप्टें.
मुलाखत, मोबाईलवर. रेंजसाठी गच्चीवर. एखादा स्वतः शोधलेला दोष सांगा. लॅबचा सांगितला, नाव न घेता. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, परवानगी होती? "नंतर मिळाली." त्यांनी खाली बघून काहीतरी लिहिलं. मग विचारलं, नंतर म्हणजे? मी म्हटलं, ज्यांचा रिपोर्ट होता त्यांनी दिली. ठीक आहे, कळवू.
खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

२२ सप्टें.
आईची लिंक आता मोबाईल नंबर विचारते, मग ओटीपी. म्हणजे माझा मेल वाचला. एक ओळ उत्तर नाही. आता कोणाचाही रिपोर्ट कोणी बघू शकणार नाही. मी पण नाही. पाहिलेलं मात्र पुसता येत नाही.

२५ सप्टें.
काकूचे पाय सुजलेत. चपलेचा पट्टा लागत नाही. आईला म्हणाली, उभ्यानं स्वैपाक केला म्हणून. परत समजवायला गेले.
"काकू, मी येईन संग. डॉक्टरशी मीच बोलीन."
"तू पुन्याले जा. तिथं लोकायचे रिपोर्ट पाह्य."
टोमणा होता की आशीर्वाद, कळलं नाही. कंपनीकडून काही नाही.

२७ सप्टें.
काका सकाळी वाशिमला गेले होते. पाय पाहून त्यांना राहवलं नसावं. लॅबमधून काकूचा रिपोर्ट छापून आणलाय, दोन पानं. इंग्रजीत आहे. घरातलं इंग्रजी सगळं मीच वाचते, खताच्या पावतीपासून.
"वाच बरं, काय लिहेल हाय यात. तुही काकू तं म्हनते रक्त कमी हाय."
काकू दारात उभी. हातात ओलं पोतेरं. माझ्याकडे बघत होती, काकांकडे नाही.
परवानगी कोणाची लागते हे मला आता पाठ आहे. रिपोर्ट काकूचा. ती नाही म्हणतेय, न बोलता. आणि मी बीट खा म्हटलं की काका ऐकतील. माझ्यावर त्यांचा विश्वास आहे.
चष्मा आणते म्हणून आत आले. चष्मा डोळ्यांवरच आहे. काका बाहेर थांबलेत, कागद मांडीवर घेऊन. काकूने पोतेरं पिळल्याचा आवाज आला.
जाते.