साठ बाटल्या पारा

फुनाबोरी,
१२ नोव्हेंबर २०१३

ती. विलासकाकांना जयंतीचा शि. सा. न.

कानाचं यंत्र कपाटात ठेवून तुम्ही फोन घेता, त्यामुळे तुमच्याशी बोलायचं म्हणजे अख्ख्या मजल्याला बातम्या देणं. म्हणून हे पत्र. मी आणि पुष्कर बरे आहोत. विभा साडेतीन वर्षांची झाली; मराठीत विचारलं की जपानीत उत्तर देते.

माझं कंत्राटी काम चालू आहे. सध्या होक्काइदोतल्या एका नदीचा अहवाल हातात आहे. तिथे १९६२ पर्यंत सोनं उपसणारा ड्रेजर चालायचा. आता गावाला त्या नदीत साल्मनची पिल्लं सोडायची आहेत, तीही बालवाडीच्या मुलांच्या हातून. तळात पारा उरलाय का, हे आधी ठरवायला हवं. जुने कागद चोख असतील तर गाळाची तपासणी लागणार नाही, असं आमचे साहेब मोरिता-सान म्हणतात. पारा तुमच्या कंपनीने पुरवला होता. तुमच्याकडे त्या वेळचं काही दप्तर आहे का?

दोन वर्षांपूर्वीच्या भूकंपानंतर नळाच्या पाण्यात किरणोत्सर्ग आला, तेव्हा विभासाठी पाण्याच्या बाटल्या शोधत मी दुकानं पालथी घातली. जिकडेतिकडे एकच ऐकत होते, की तूर्त धोका नाही. आता तेच वाक्य मला टाइप करायचंय. खरं सांगते काका, थकवा आलाय.

काकूंच्या मागे जेवणाची हेळसांड करू नका. लोभ आहेच, तो तसाच राहू द्या.

तुमची,
जयंती


कोबे,
१८ नोव्हेंबर

चि. सौ. जयंतीला अनेक आशीर्वाद.

यंत्र घातलं की जे ऐकू येतं ते ऐकण्यासारखं नसतं, म्हणून ते कपाटात आहे. जेवतो वेळेवर. कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानातली मुलगी न विचारता माझा भात गरम करून देते.

ड्रेजर मी एकदाच पाहिला. तेव्हा सव्विशीतला कारकून होतो. तराफ्यावर उभं केलेलं तीन मजली पत्र्याचं घर म्हण ना. पुढून लोखंडी बादल्यांची माळ तळ खरवडून वर आणायची, आत धुऊन बारीक सोनं पाऱ्यात धरायचे आणि मागून धोंडे टाकून द्यायचे. असं करत ते घर अख्खी दरी चालून गेलं. शेतांच्या जागी धोंड्यांचे ढीग राहिले. खाली कोसभर पाणी ताकासारखं पांढरं. एक म्हातारा कोळी काठावर नुसता बसून होता. आम्ही त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतला.

दप्तराचं म्हणशील तर पंचाण्णवच्या भूकंपात घराबरोबर गेलं. इतकं जुनं उकरू नये, माणूस दमतो. विभाला गोड पापा.

तुझा,
विलासकाका


फुनाबोरी,
२५ नोव्हेंबर

ती. काकांना सा. न.

दप्तराची गरज उरली नाही. होक्काइदोच्या कचेरीत १९६२चा दाखला सापडला: साठ बाटल्या पाठवल्या, साठ परत आल्या. खाली पाच शिक्के आहेत. पहिला तुमचा.

इथली रीत तुम्हाला मी काय सांगणार. सर्वांत धाकट्याने पहिल्या चौकटीत आपल्या नावाचा शिक्का, हान्को, उठवायचा, तोही साहेबाच्या चौकटीकडे थोडा कलता, वाकून नमस्कार केल्यासारखा. वरचे मग त्याच्याकडे बघून आपापला उठवतात. मला हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं. तुमचा तर चांगलाच कललेला आहे. बघून हसू आलं.

मोरिता-सान खूश आहेत. पारा परत आला, सबब तपासणी नको, असं वाक्य तयार आहे. शुक्रवारी ते कागद फिरतील आणि पहिली चौकट माझी आहे. मार्चमध्ये कंत्राट वाढायचंय, तेव्हा आढेवेढे घेणं परवडत नाही. पण हात होत नाही. तुमच्या शिक्क्यावर विसंबून मी माझा उठवू का, एवढंच कळवा. तुम्ही हो म्हणालात तर उठवीन.

उत्तराची वाट बघते. माया असू द्या.

तुमची,
जयंती


कोबे,
२७ नोव्हेंबर, जलद टपालाने

चि. सौ. जयंतीला आशीर्वाद.

उठवू नकोस.

दप्तर गेलेलं नाही. घर गेलं, पण एक पेटी वाचली. मी तुझ्याशी खोटं बोललो आणि त्याची मला लाज वाटते.

साठ बाटल्या गेल्या त्या भरलेल्या. परत आल्या त्या रिकाम्या. मी गोदामात लोखंडी बाटल्या मोजल्या, पारा नव्हे. माझ्या नोंदवहीत ‘रिकाम्या’ असं लिहिलं आहे. दाखल्यावर तो शब्द नव्हता. मला ते दिसलं होतं, जयंती. पण साहेब शेजारी उभे होते, माझा व्हिसा कंपनीच्या हातात होता आणि पहिली चौकट माझी होती. माझा बघून वरच्या चौघांनी आपापले उठवले. त्यांतला एकही नदीवर गेला नव्हता. मी गेलो होतो.

नोंदवही सोबत पाठवतो आहे. घडलं ते एका कागदावर लिहून खाली जुनाच हान्को उठवला आहे. दोन्ही मोरिता-सानांच्या टेबलावर ठेव आणि गाळ तपासायला सांग. तुझ्या कंत्राटाचं काय होईल ते मला सांगता येत नाही, याचं वाईट वाटतं. डिसेंबरात आमच्या कंपनीतल्या निवृत्त मंडळींचं जेवण असतं, त्याला यंदा मला बोलावणार नाहीत. तसंही तिथे मला काही ऐकू येत नसे.

या म्हाताऱ्यावरची माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
विलासकाका

ता. क. या खेपेला हान्को सरळ उठवायचा होता. दोनदा कागद बदलला, पण हात कापतो, कललाच. मोरिता-सानांना सांग की ही अदब नाही, वय आहे.