धुतलेल्या हातांची ईद

मादियुन,
ईदचा पाचवा दिवस

लाडक्या वुरीस,

आईचे पोटभर आशीर्वाद आणि ईदचा सलाम. इकडे नवांग आणि मी, आजी-नात दोघी मजेत. तूही तैवानात वेळच्या वेळी जेवतेस आणि तुझ्या त्या म्हाताऱ्या बाईंना उचलताना कंबर सांभाळतेस, असं धरून चालते.

फोन सोडून कागद कशाला, म्हणशील. अगं, फोनवर आधी तू रडतेस, मग मी रडते, मग आवाज तुटतो आणि बोलायचं ते राहूनच जातं. तुमिराकाकूंची एंडाह सुट्टी संपवून तिकडे निघाली आहे, तिच्या हाती देते. सोबत केळ्याच्या चकत्या आहेत. खोबरेल तेलात तळल्यात, आपल्याच कढईत. बाहेरचा झारासुद्धा लागू दिला नाही.

बातम्या अशा : ठिपक्यांची कोंबडी खुडूक बसली आहे. फणसाला यंदा फळ कमी, पण जे आहे ते तुझ्या मामासारखं, उगाच मोठं. नवांगचा पुढचा दात पडला. आता बोलताना शिट्टी वाजते आणि स्वतःच हसत सुटते.

तू बजावलं होतंस, ईदला दाराला कडी घाल. घराघरांत शेंगदाण्याच्या बिस्किटांच्या बरण्या असतात, आणि पोरीला शेंगदाण्याचा कणही सोसत नाही; कोण तिच्या तोंडात काय कोंबेल नेम नाही. पुन्हा काही झालं तर तिला सुराबायाला तिच्या आत्याकडे पाठवीन, म्हणालीस, तिथे वरच्या मजल्यावर शेजारी एकमेकांचं नावही विचारत नाहीत. मी ‘बरं’ म्हणाले होते.

आता पुढचं वाच. पण त्याआधी हे वाच : पोरगी ठणठणीत आहे. आत्ता, मी हे लिहीत असताना, अंगणात कोंबडीला शिट्टीत ओरडतेय.

रमजानच्या आधी तिला दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा तू गल्लीतल्या एकेकीला नावं ठेवलीस. कुणी काय भरवलं ते सांग, म्हणून माझ्यामागे लागलीस. अगं, तिनं काही खाल्लंच नव्हतं. ते कोडं आपल्या गल्लीतल्या कार्सोआजोबांनी सोडवलं. एका सकाळी आपणहून आले, टोपी काढून ओट्यावर बसले. म्हणाले, “त्या दिवशी मी शेंगदाण्याच्या चटणीतलं पेचेल खाऊन निघालो होतो. हातानंच. लिंबाच्या पाण्यात बोटं बुडवली, झटकली. तेवढ्यात तुझी नात आली, शहाण्या मुलीसारखा सलामाला माझा हात घेतला, नाकाला लावला, ओठाला लावला.”

आपण सगळे जन्मभर तशीच बोटं बुडवत आलो. शेंगदाण्याचं तेल नुसत्या पाण्याला कुठलं ऐकतंय!

तेव्हापासून आजोबांनी शेंगदाणा सोडला. पण नवांग दिसली की दोन्ही हात लुंगीत खुपसून समोरच्या बाजूला जायचे. त्यांचं बघून इतरही. सगळ्यांना तिची काळजीच, पण पोरीला काय कळणार? एकदा संध्याकाळी माझ्या पदरात तोंड खुपसून म्हणाली, “आज्जी, मी वाईट मुलगी आहे का? मला कुणीच हात देत नाही.”

वुरी, सुजलेले ओठ मी बघितलेत. इंजेक्शनही मीच टोचलं. पण ह्या प्रश्नावरचं औषध मला शोधायलाच हवं होतं.

मी डॉक्टरबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, “इंजेक्शनाची डबी कायम कमरेला, तिच्या तोंडात घरचंच, आणि जो तिला शिवेल त्यानं साबणानं हात धुवायचे. एवढं जमणार असेल तर दार कशाला बंद करता?”

मी कार्सोआजोबांना सांगितलं. त्यांनी काय करावं? ईदच्या आदल्या दिवशी मशिदीच्या भोंग्यावरून सगळ्या मोहल्ल्याला ऐकवलं! “उद्या नवांग घरोघर येणार आहे. बरण्या बंद. हात साबणानं. नखांतूनसुद्धा. ज्याला आळस असेल त्यानं ईदच्या माफीसाठी आपला हात तिच्यापुढे करायचा नाही.”

तुमिराकाकू भडकल्या. “माझी शेंगदाण्याची बिस्किटं काय चोरीचा माल आहेत लपवायला?” पण सकाळी बघते तर बरण्या चिकटपट्टी लावून कपाटावर, आणि बाईनं टेबल तीनदा पुसून मला खिडकीतून ओरडून विचारलं, “वास आला तर चालेल ना गं?” नारळाची बिस्किटं मात्र त्यांनी आपल्या घरी येऊन, माझ्या भांड्यांत, माझ्या नाकासमोर केली. फसली. दगड झाली. नवांगला तीच आवडली.

नमाज झाली आणि मी कडी काढली.

आजोबांच्या अंगणात बादली, साबण आणि ही रांग! एंडाहचा भाऊ म्हणाला, “ईद आहे का ऑपरेशन?” आजोबा खेकसले, “धू मुकाट्यानं, कोपरापर्यंत!” मग स्वतः वेताच्या खुर्चीत बसले. धुऊन धुऊन बोटं सुरकुतलेली. माझा हात कमरेच्या डबीवर.

नवांग नव्या कपड्यांत, थोरांची माफी मागायला, गुडघ्यांवर सरकत पुढे गेली, आणि थांबली.

“आजोबा, हात धुतले?”

“धुतले गं बाई.”

“दाखवा. उलटे. नखं?”

आजोबांनी निमूट नखं दाखवली. ज्यांच्यासमोर तुझे वडीलसुद्धा मान वर करत नसत, ते! मग तिनं तो हात दोन्ही हातांत घेतला आणि त्यावर नाक टेकवलं.

“हिक्!”

अगं, मी डबी निम्मी उघडली होती. पोरगी म्हणते, “उचकी आली. आई आठवण काढतेय.”

मग जे हसू फुटलं! आजोबा हसता हसता रडत होते. त्यानंतर ती गल्लीतल्या प्रत्येकाकडे गेली, प्रत्येकाची नखं तपासली. तुमिराकाकूंना परत धुवायला पाठवलं. रात्री ओठ, मान, पाठ, सगळं मी दिव्याखाली बघितलं. एक पुरळ नाही.

पुढे कधी काही होणारच नाही, असं वचन मी देत नाही. डबी माझ्या कमरेला राहील, शेजारच्या चार घरांनाही टोचायला शिकवलंय. पण वुरी, तिला सुराबायाला पाठवू नकोस. तिथे ती सांभाळली जाईल, हे खरं. इथे तिच्यासाठी अख्खी गल्ली हात धुते.

हे पत्रही साबणानं हात धुऊनच लिहिलंय. खाली नवांगनं स्वतः नाक टेकवलं आहे. जो ओलसर गोल डाग दिसतोय तो तोच, शाई फुटलेली नाही. त्यावर तुझ्या उजव्या हाताची पाठ ठेव. ती म्हणते, “आईला सांग, आधी धुवायचे.”

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून, दार उघडं ठेवून बसलेली,

तुझी आई
लास्मिनी