सगळं वाचलं

अण्णा, तुम्हाला फीड रीडर मीच लावून दिला होता. जे. पी. नगरच्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तुमचा लॅपटॉप, शेजारी आई अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलतेय आणि मी सांगतेय की आवडत्या साइटवर रोज जाऊन बघायला नको, नवीन लेख आला की तो आपोआप या यादीत येतो. तुम्ही म्हणालात, "म्हणजे दुधासारखं, दारात." त्याच महिन्यात तुम्ही गच्चीवरच्या कुंड्यांविषयी स्वतःचा ब्लॉग सुरू केलात आणि तो माझ्या यादीत घालायला लावलात.

बेळ्ळंदूरच्या ऑफिसात सोमवारी सकाळी ती यादी उघडली की शेकड्यांनी लेख साचलेले असायचे. मी एक बटण दाबायचे, 'सगळं वाचलं', की यादी कोरी. त्यात तुमची कारली, तुमचा कढीपत्ता, सगळं जायचं. रविवारी घरी आले की तुम्ही विचारायचात, वाचलंस का, आणि मी न चुकता सांगायचे, छान होतं. एका रविवारी तुम्ही विचारलंत, "काय छान होतं?" मला एक ओळ सांगता आली नाही. चोरी पकडली गेली म्हणून मी उलट तुमच्यावरच उखडले. "अण्णा, मला ऑफिस असतं. कुंड्या वाचायला वेळ नाही माझ्याकडे." तुम्ही "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणालात आणि चहा घेतलात. पुन्हा कधी विचारलं नाहीत. लिहीत मात्र राहिलात.

तुम्ही गेल्यावर मी तुमचा लॅपटॉप उघडला. ऑफिसच्या ब्लॉगवर मी सर्व्हरविषयी इंग्रजीत लिहिलेल्या त्या रुक्ष नोंदी तुमच्या रीडरमध्ये होत्या, एकूण एक, खुणेचा तारा लावलेल्या. त्या ब्लॉगचं मी तुम्हाला कधी सांगितलंही नव्हतं, तुम्ही तो कसा शोधलात कोण जाणे. ड्रॉवरमध्ये तुमची वही सापडली. प्रत्येक नोंदीतले न कळलेले शब्द एकाखाली एक लिहिलेले आणि शेवटी, 'रविवारी हिला विचारणे.' त्या रविवारनंतरच्या पानांवर शब्द आहेत, विचारणे नाही.

मला फार लाज वाटते, अण्णा. आता रोज तुमचे लेख पहिल्यापासून वाचायला बसते, पण मन लागत नाही, कारण तुम्ही ते लिहिलेत तेव्हा मी वाचायला हवे होते. हे पत्र कुठे पाठवायचं, तेही कळत नाही. काल आईने विचारलं, "अण्णांचं सगळं वाचलंस का गं?"

मी हो म्हणाले. अर्ध्याहून जास्त अजून राहिलंय.