लेकीसाठी काढून ठेवलेली पैठणी

अण्णा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी गेल्या आठवड्यात अंबडच्या कारखान्यात बसल्या बसल्या मला तुमचा भयंकर राग आला. पॉवर प्रेसमध्ये हात जाऊ नये म्हणून गार्ड बसवायचे आहेत. त्यासाठी मुंबईच्या डायरेक्टरांची मंजुरी हवी, आणि कामगार कल्याणाचं काम माझ्याकडे असल्यामुळे त्यांच्यासमोर बोलायचं मला. माझे अपघातांचे तक्ते पाहून आमचे साहेब म्हणाले, "मॅडम, आकडे ऐकून ते झोपतात. गोष्ट सांगा. बोटं गेलेल्या त्या ऑपरेटरला समोर उभं करा, मग बघा." साहेबांचं अगदीच चुकत नव्हतं. तक्ते वाचताना मलाच जांभया येत होत्या. पण 'गोष्ट सांगा' म्हटल्याबरोबर मी येवल्याच्या आपल्या दुकानात जाऊन पोचले.

मी बी. ए. होऊन नाशिकहून परत आलेली. गादीवर गिऱ्हाईक बसलंय. तुम्ही पदर हळूहळू उलगडताय आणि मध्येच थांबताय. "ही विकायची नव्हती हो. लेकीसाठी काढून ठेवलेली. पोरगी शिकली, पण अजून योग नाही. तुमच्या लेकीचं जमलंय ना? तिला नेसू दे." तेवढ्यात मी पाणी घेऊन बाहेर येते. नवऱ्यामुलीची आई मला वरपासून खालपर्यंत न्याहाळते. "हीच का ती? दिसायला तर बरी आहे की!" तिची जाऊ म्हणते, "जास्त शिकवलं की असंच होतं." सगळ्या हसतात. तुम्हीही हसता, आणि घडी कागदात बांधायला घेता. ती पैठणी परवाच मागावरून उतरली होती, अण्णा! पुढच्या गिऱ्हाइकासाठी पुन्हा एक 'काढून ठेवलेली' निघायची.

मी म्हटलं होतं, माझा विषय दुकानात नको. तुम्ही दोरा तोडता तोडता म्हणालात, "नुसत्या रेशमाला कोण भुलतं गं? माणसाला माणसाचं ऐकायचं असतं. तुझं काय झिजलं त्यात?" काय झिजलं ते आज सांगते. बाजारातून जाताना बायका माझ्याकडे माल पारखावा तशा बघायच्या. माझं लग्न तुमच्यामुळे झालं नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल; काही स्थळं मीच नाकारली. पण माझं लग्न न होणं तुम्ही त्या गादीवर पुन्हा पुन्हा उलगडून दाखवलंत. मला न विचारता. हे मी विसरणार नाही.

म्हणून मी ठरवलं, त्या ऑपरेटरला कुणासमोर उभं करायचं नाही, त्याचं नावही घ्यायचं नाही. काल मीटिंगमध्ये तक्ते बाजूला ठेवले आणि बोलता बोलता त्या डायरेक्टरांनाच प्रेससमोर बसवलं. "समजा, पाळी संपत आलीय. पाय पेडलवर आहे, हाताने तुम्ही पत्रा सरकवताय. मागून कुणीतरी हाक मारतं. तुम्ही मान वळवता." आणि मी थांबले. एकाने टेबलावरचा हात अलगद मांडीवर घेतला. गार्ड मंजूर झाले.

तो ऑपरेटर विंचूरकडचा. आता स्टोअरमध्ये बसतो. आज सकाळी कँटीनमध्ये मीच त्याच्याकडे गेले, कौतुकाच्या अपेक्षेने.

"माझं नाव घेतलं का ताई?"

"नाही हो. तुमचा तमाशा करायचा नव्हता मला."

"तमाशा?" त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. "बोटं माझी गेली अन् बोलल्या तुम्ही! आम्ही गार्ड मागत होतो तवा कोणी ऐकलं नाय. लय दिवसांपासून त्यांच्या तोंडावर सांगायचं होतं मला. मला इचारायचं तरी!" शेजारचा कुणी म्हणाला, "जाऊ दे रे, काम झालं ना." तो त्याच्यावरही उखडला. "तुझं झालं. माझं नाय झालं."

घरी येऊन तुमच्यावर राग काढायला बसले. तो खरा आहे, आणि त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. हे पत्र तुमच्या तसबिरीमागे ठेवणार होते, पण आता ते वहीतच राहील. त्या माणसाची अब्रू जपायची म्हणून मी त्याला विचारलं नाही, असं दिवसभर स्वतःला सांगत होते. पण मी बोलता बोलता थांबले तेव्हा ती सगळी खोली श्वास रोखून माझ्याकडे बघत होती, आणि अण्णा, ते मला फार आवडलं.