ओशिइरेची खंडेनवमी

इचिकावा, ८ सप्टेंबर २०२५

ती. सरोजिनीआत्यांना, मांडीवर ड्रम असल्यामुळे बसूनच सा. न.

नाकामुरा-सान अजून वाकलेलेच आहेत, तेवढ्यात हे लिहून घेते. सरावात ते दुसरं कडवं विसरले, त्याची माफी चालू आहे. ते आमचे गायक आणि गिटारवाले, एरवी दंतवैद्य. बास गिटारवर मोरी-सान. ते नगरपालिकेत कचरा कसा वेगळा करायचा याची पत्रकं लिहितात. ड्रमवर तुमची भाची.

तुम्ही बँडची कारकीर्द विचारलीत. अकरा वर्षांपूर्वी शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आम्ही गाद्या ठेवायच्या कपाटात वाजवू लागलो, म्हणून नाव ओशिइरे. गाणी नऊ. सीडी दोन, बहुतेक सगळ्या आता त्याच कपाटात. सर्वांत मोठी गर्दी चौदा जणांची. त्यातले दोघे स्वच्छतागृह शोधत आले होते.

स्टेशनजवळच्या तळघरातल्या हॉलमध्ये महिन्याचा पहिला बुधवार आमचा असतो. तो यापुढेही आम्हाला द्यायचा का, याचा विचार करतो, असं मालक कुरोदा-सान म्हणाले. तुम्ही तीस वर्षं कोबेत आहात. इथे कोणी विचार करतो म्हणाला की तो नकारच असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. फार वाकल्यावर त्यांनी एक अट घातली. एक ऑक्टोबरला प्रेक्षकांनी आपणहून आणखी एक गाणं मागितलं, तर बुधवार आमचा. नाहीतर तो उकुलेलेच्या वर्गाला जाईल. अकरा वर्षांत आमच्याकडे कोणी मागितलेलं नाही.

ऑफिसात मी नऊ ते सहा सगळ्यांना हो म्हणते. बुधवार गेला तर तेवढीच उरेन.

यतीन नमस्कार सांगतो. कानात बोळे असल्यामुळे ओरडून सांगतो.

माया आहेच; एक तारीखही मोकळी ठेवा.
तुमची उत्तरा

कोबे, १२ सप्टेंबर

चि. उत्तरास, हात न दुखोत असा आशीर्वाद.

फोनवर तू हसतेस आणि मुद्दा राहून जातो, म्हणून लिहिते. कालनिर्णय पाहिलं. एक ऑक्टोबरला खंडेनवमी आहे. तुझे वडील त्या दिवशी पक्कड आणि पाने पाटावर मांडत, आठवतं का? अकरा वर्षं ड्रम बडवतेस आणि त्याला एकदा हळद-कुंकू लावलं नाहीस. मग कोण कशाला आणखी एक मागेल?

मी येते. गॅलरीतला झेंडू आणते. पूजा पाच वाजता, मग वाजवा. तुला वाजवताना मी कधी ऐकलेलं नाही आणि गुडघे आता शिनकानसेन गाडीच्या स्टेशनांतल्या जिन्यांना कंटाळलेत, तेव्हा नीट वाजव. यतीनरावांना बोळे काढायला सांग. नवऱ्याने एवढं सोसायला हवं.

जीव आहे तुझ्यावर, म्हणून बोलते.
सरोजिनीआत्या

इचिकावा, २२ सप्टेंबर

ती. आत्यांना, दोन्ही काठ्या खाली ठेवून सा. न.

पूजेचं ऐकून दोघे हरखले. मोरी-सानांनी नियम विचारले. मी लहानपणी ऐकलेले सगळे सांगितले: हत्यारं पुसायची, फूल वाहायचं, पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हात लावायचा नाही. त्यांनी सात कलमांचा चित्रांसह तक्ता केला आणि प्लास्टिकमध्ये घालून आणला. जळणारा कचरा, न जळणारा कचरा, या त्यांच्या पत्रकांसारखाच दिसतो. फार छान झालाय.

तुमच्यासाठी पुढची खुर्ची धरली आहे. लोभ पाठीशी असावा.
उत्तरा

शिनकानसेनमधून, १ ऑक्टोबर

चि. उत्तरास, रागातसुद्धा आशीर्वाद.

गाडी नागोयाच्या पुढे गेली तरी राग उतरत नाही. पूजा छान झाली, हे मीच सांगते. गाणाऱ्याचं हत्यार गळा, म्हणून नाकामुरा-सानांच्या गळ्याला कुंकू लावलं, ही माझी चूक. त्यानंतर त्या माणसाने घोटभर पाणीसुद्धा घेतलं नाही.

साडेसहाला तुम्ही तिघे आलात, वाकलात आणि उभे राहिलात. मोरी-सानांनी प्रेक्षकांना सात कलमं वाचून दाखवली. मग पंचवीस मिनिटं काहीच नाही. मी अक्षता घेऊन मंचावर आले आणि ड्रम इंचभर हलवला की झालं, देवी समजूतदार आहे, असं सांगितलं. मोरी-सानांनी अदबीने चौथ्या कलमावर बोट ठेवलं: सकाळपर्यंत हात लावायचा नाही. तूही गप्प बसलीस. अगं, नियमाबरोबर पळवाटही सांगायची असते. ती सांगायला कशी विसरलीस?

शेवटी तुम्ही आत गेलात तेव्हा मला राहवलं नाही. उभी राहून टाळ्या वाजवल्या आणि एक तरी गाणं वाजवा म्हणून जपानीत ओरडले. बाकीच्या अकरा जणांना ही रीतच वाटली असावी. सगळे उठून ओरडू लागले. तुम्ही परत आलात आणि पुन्हा काहीच वाजवलं नाहीत.

कोबेहून येऊन मी एक शांत ड्रम पाहिला. तरी माया कमी होत नाही, हेच वाईट.
सरोजिनीआत्या

इचिकावा, २ ऑक्टोबर

ती. आत्यांना, दसऱ्याचा सा. न.

त्या दोघांच्या तोंडावर पळवाट काढायचं मला धाडस झालं नाही. चूक माझीच. पण कुरोदा-सानांनी तुमचं ओरडणं जमेस धरलं. प्रेक्षकांनी आपणहून मागितलं, अट पूर्ण झाली, बुधवार आमचा. अकरा वर्षांतला हा आमचा सर्वांत चांगला कार्यक्रम होता, असंही ते डोळे पुसत म्हणाले. नाकामुरा-सानांनी गळ्याला हात लावून मान डोलावली. नोव्हेंबरच्या बुधवारी यावं, ही विनंती. जिन्यांसाठी यतीनला पाठवते. तेव्हा खंडेनवमी नाही, मी पाहिलंय.

आज सकाळी सातला, ऑफिसाच्या आधी, आम्ही वाद्यं आणायला गेलो. अक्षता टाकून, तुमच्या झेंडूचा हार उतरवून मी ड्रम इंचभर हलवला आणि तिथेच नऊ गाणी वाजवायला घेतली. ऐकायला कुरोदा-सान एकटेच होते. चौथ्या गाण्याला ते उठले आणि झेंडूचा हार त्यांनी परत ड्रमवर ठेवला.

उत्तरा